पेडगांवची खळवाडी आणि मुंबईचीं मैदानें

‘वेड पांघरून पेडगांवास जाणें’ ही म्हण ज्याच्या कानांवर कधीं पडली नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. मी पेडगांवचा, असें परक्या ठिकाणीं सांगितलें कीं समोरच्याच्या ओठांवर हसूं उमटतें आणि तो विचारतो, “मग वेड कोठें ठेवून आलांत, गुरुजी?” साठी उलटली, तरी या विनोदांतून माझी सुटका झालेली नाहीं. खरें पाहतां लोक ज्या गांवाकडे बोट दाखवून ही म्हण सांगतात तें पेडगांव आमचें नव्हे. तें श्रीगोंदें तालुक्यांत, भीमेच्या कांठीं. त्याच्या जिल्ह्यास २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत. आतां अहिल्यानगर म्हणतात. तेथील किल्ल्यास मोंगल सुभेदार बहादूरखान याच्यावरून बहादूरगड हें नांव पडलें. इ. स. १६८९ मध्यें छत्रपति संभाजी महाराजांस कैद करून याच ठिकाणीं औरंगजेबापुढें आणलें होतें. म्हणून लोक आज त्यास धर्मवीरगड म्हणतात.

आमचें पेडगांव परभणी जिल्ह्यांतलें. येथें किल्ला नाहीं, कीं म्हणीचा मान नाहीं. काळें रान, कापूस, ज्वारी, तूर, आणि रेल्वेचें एक लहानसें स्टेशन, एवढाच काय तो आमचा थाट. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. इतिहासानें आमच्या गांवाकडे फारसें पाहिलें नाहीं, आणि आम्हींही त्याबद्दल कधीं तक्रार केली नाहीं. परंतु गेल्या वर्षीं याच गांवांत नांवाचा एक प्रश्न उभा राहिला, आणि त्याच्या उत्तरासाठीं मला मुंबईपर्यंतचा प्रवास उपयोगीं पडला. तीच हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

गांवाच्या कडेला खळवाडी नांवाची एक मोकळी जागा आहे. माझ्या लहानपणीं सुगी आली कीं गांवचीं खळीं तेथें पडत. शेणानें सारवलेली जमीन, मधोमध तिवडा, त्याभोंवतीं फिरणारी बैलांची पात, सायंकाळच्या वाऱ्यावर उफणणी करणारीं माणसें आणि राशीच्या राखणीस निजलेलीं आम्ही पोरें, हें चित्र अद्यापि डोळ्यांपुढें आहे. पुढें मळणीयंत्रें आलीं, मळणी शेतांतच होऊं लागली, आणि खळीं गेलीं. तथापि पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या खुरांनीं तुडविलेली ती जमीन अशी घट्ट बसली होती कीं मुलांस आयतेंच मैदान मिळालें. माझे वडीलबंधु तेथें हुतुतू खेळले, माझीं मुलें क्रिकेट खेळलीं, आणि आतां नातवंडें पुन्हां कबड्डीकडे वळलीं आहेत.

गेल्या दिवाळीनंतर गांवांतल्या तरुण मंडळींनीं कबड्डीचे सामने भरविण्याचें ठरविलें. जाहिरातीचें हस्तपत्रक छापावयाचें, म्हणून मजकूर तपासून घेण्यास तीं मुलें माझ्याकडे आलीं. त्यांत माझा थोरला नातूही होता. मजकूर बरा होता. पण ‘स्थळ’ या शब्दापुढें जागा कोरी होती. विचारतां कळलें कीं गांवचे एक गुत्तेदार सामन्यांसाठीं २१ हजार रुपये देण्यास तयार आहेत. त्यांची एकच अट, कीं मैदानास त्यांच्या कैलासवासी वडिलांचें नांव द्यावें आणि तसा फलक लावावा. एका पक्षास तें मान्य होतें. दुसऱ्या पक्षास एका पुढाऱ्याचें नांव हवें होतें, कारण त्यांच्याकडून पुढें कुंपणासाठीं निधि मिळेल अशी आशा होती. तिसऱ्या एका मुलाचें म्हणणें, नांव कोणाचेंही द्या, पण पुढें ‘स्टेडियम’ हा शब्द पाहिजेच! ना भिंत, ना पायरी, ना छप्पर, पण स्टेडियम!

“आजोबा, तुम्हीं नांव सुचवा. तुमचें कोणी मोडणार नाहीं,” असें नातू म्हणाला. वयोवृद्ध मनुष्यास अशा वाक्यानें जितका आनंद होतो तितकीच भीतिही वाटते. मी म्हटलें, “मुंबईस बारशाला जावयाचें आहे. परत आल्यावर सांगतों.” गुत्तेदारांचे वडील मला ठाऊक होते. सज्जन, कष्टाळू गृहस्थ. त्यांच्या नांवास नाहीं म्हणावें असें त्यांच्या चरित्रांत कांहींच नव्हतें. हीच खरी अडचण होती. वाईट मनुष्याचें नांव नाकारणें सोपें. चांगल्या मनुष्याचें नाकारावयाचें तर कारण सांपडावें लागतें.

परभणीहून रात्रीं देवगिरी एक्सप्रेसनें निघालों, आणि सकाळीं मुंबईस उतरलों. ज्या स्टेशनांत उतरलों त्यास आमचे वडील व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणत. १९९६ पासून तें छत्रपति शिवाजी टर्मिनस, आणि २०१७ मध्यें त्यांत ‘महाराज’ ही पदवी आली. मनांत नांवांचाच विचार असल्यामुळें कीं काय, जिकडे पाहावें तिकडे नांवेंच दिसूं लागलीं.

पुतण्याचें बिऱ्हाड दादरास, शिवाजी पार्काच्या जवळ. दुसऱ्या दिवशीं पहांटेस मी फिरावयास गेलों. सुमारें २८ एकरांचें तें मैदान. एका बाजूस जाळींत फलंदाजी शिकणारीं मुलें, दुसरीकडे कट्ट्यावर बसलेले माझ्या वयाचे लोक. आंत शिरण्यास तिकीट नाहीं. मुंबई महानगरपालिकेनें १९२५ मध्यें हें मैदान लोकांस खुलें केलें तेव्हां त्याचें नांव माहीम पार्क होतें. १९२७ मध्यें, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षीं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून तें शिवाजी पार्क झालें. याच बाईंनीं महात्मा गांधींचें मराठी चरित्र १९१८ मध्यें लिहिलें व त्यास लोकमान्यांची प्रस्तावना लाभली. परक्या सरकारच्या अंमलांत, एका स्त्रीनें सभेंत उभें राहून हें नांव मिळविलें. पण मैदानावर त्यांचें नांव शोधणाऱ्या माझ्यासारख्याला तें कोणी सांगूं शकलें नाहीं. एक-दोघां वृद्धांस विचारलें, तर ते म्हणाले, “शिवाजी पार्क हें नांव पहिल्यापासूनच आहे कीं!” नांव देणाऱ्याचें याहून मोठें यश कोणतें? आपण दिलेलें नांव लोकांस पहिल्यापासूनचें वाटावें!

याच मैदानावर रमाकांत आचरेकरांनीं सचिन तेंडुलकरांस व दुसऱ्या कित्येकांस घडविलें. डिसेंबर २०२४ मध्यें त्यांचें एक स्मारक तेथें उभें राहिलें. शिष्याचें नांव जगभर झाल्यावर गुरूच्या वांट्यास मैदानाचा एक कोपरा आला. मास्तरकीचा पेशा केलेल्या मनुष्यास तो कोपरा पाहून बरें वाटलें, हें कबूल करतों.

त्या दिवशीं दुपारीं बारसें झालें. पाळणा सजला, सुवासिनींनीं पाळणा म्हटला, आणि पुतण्याच्या बहिणीनें मुलीच्या कानांत नांव सांगितलें. जेवणावळीचा खर्च मुलीच्या मातामहांनीं केला होता. पण नांव ठेवण्याचा मान आत्याचाच. मी सहज हें बोलून दाखविलें, तेव्हां आमची मंडळी म्हणाली, “पैसे देणाऱ्यानें नांव ठेवायचें म्हटलें असतें, तर आपल्या घरांतल्या निम्म्या मुलांचीं नांवें सावकारानें ठेवलीं असतीं.” हंशा पिकला, पण माझ्या मनांत तें वाक्य रुतून बसलें. मुलांनीं नांव कोणतें असें विचारलें होतें. त्याआधीं नांव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हें ठरवावयास हवें होतें.

पुतण्यास सुटी होती. त्यानें मला चर्चगेटास नेलें. समुद्र हटवून मिळविलेल्या बॅकबेच्या भूमीवर तेथें ब्रेबर्न स्टेडियम उभें आहे. त्याच्या नांवाची कथा मोठी बोधप्रद आहे. इ. स. १९३३ मध्यें क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था निघाली. तिला मुंबईंत स्वतःचें मैदान हवें होतें; जमीन सरकारच्या हातीं, आणि सरकारचे मुख्य म्हणजे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न. क्लबाचे चिटणीस अँथनी डिमेलो यांनीं गव्हर्नरसाहेबांस विचारलें म्हणतात, कीं खेळाडूंकडून आपणांस सरकारासाठीं पैसा हवा, कीं स्वतःसाठीं अमरत्व? साहेबांनीं अमरत्व पत्करलें, आणि जमीन चौरस यार्डास साडेतेरा रुपये दरानें क्लबास मिळाली. २२ मे १९३६ रोजीं ब्रेबर्नसाहेबांनीं स्वतः कोनशिला बसविली. ७ डिसेंबर १९३७ रोजीं त्यांच्या जागीं आलेले गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांनीं उद्घाटन केलें. फेब्रुवारी १९३९ मध्यें बंगालचे गव्हर्नर असतांना ब्रेबर्नसाहेब वारले. वय अवघें त्रेचाळीस वर्षांचें.

अमरत्वाचा हा सौदा कसा उतरला? नांव राहिलें यांत शंका नाहीं. पण बाहेर पानाच्या दुकानापाशीं उभ्या असलेल्या एका तरुणास मी विचारलें, “ब्रेबर्न म्हणजे कोण?” तो म्हणाला, “हें काय, स्टेडियम!” माणूस मैदानास नांव देऊं गेला, आणि मैदानानें माणूस गिळून टाकला.

तेथून हांकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम. एका शहरांत दोन इतकीं मोठीं स्टेडियमें इतकीं जवळजवळ कां, हा प्रश्न कोणासही पडावा. क्रिकेट क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यांत कसोटी सामन्यांच्या तिकिटांच्या व बैठकींच्या वांटणीवरून वाद वाढत गेला, आणि असोसिएशननें स्वतःचें मैदान बांधावयाचें ठरविलें. त्या वेळीं तिचे अध्यक्ष शेषराव वानखेडे. विदर्भांतले गृहस्थ, आणि महाराष्ट्र विधानसभेचेही अध्यक्ष. शशी प्रभू यांच्या आराखड्याप्रमाणें काम झपाट्यानें उरकलें, आणि जानेवारी १९७५ मध्यें वेस्ट इंडीजबरोबरचा कसोटी सामना तेथें झाला. वानखेडे यांच्या हयातींतच मैदानास त्यांचें नांव मिळालें. २ एप्रिल २०११ रोजीं विश्वचषकाचा अंतिम सामना याच ठिकाणीं भारतानें जिंकला, त्यामुळें तें नांव घरोघर पोंचलें.

एक गोष्ट मात्र ध्यानांत आली. मैदानाचें नांव व्यवस्थापकाचें; खेळाडूंच्या वांट्यास आंतले सज्जे. विजय मर्चंट, सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर यांच्या नांवाचे सज्जे होते; मे २०२५ मध्यें अजित वाडेकर व रोहित शर्मा यांच्या नांवांची त्यांत भर पडली, आणि त्याच समारंभांत शरद पवार यांचेंही नांव एका सज्जास देण्यांत आलें. घर वडिलांच्या नांवावर आणि मुलांस एकेक खोली, असाच हा प्रकार. त्यांत अन्याय आहे असें म्हणवत नाहीं. कारण कोणी तरी उभें राहून बांधलें नसतें तर मुलें खेळलीं असतीं कोठें? तरीही मन पुन्हां त्याच प्रश्नावर येतें.

त्या रात्रीं पुतण्याच्या घरीं गप्पा निघाल्या. धाकट्या मंडळींस मी ‘स्टेडियम’ या शब्दाचा इतिहास सांगितला. ग्रीक भाषेंत ‘स्टेडियन’ हें जागेचें नव्हे, लांबीचें माप होतें: सहाशें पाउलें. ऑलिंपिया येथें तें सुमारें १९२ मीटर भरतें. तेवढ्या अंतराची एक शर्यत असे. शर्यतीस तेंच नांव पडलें, आणि मागाहून धांवण्याच्या जागेसही तेंच. इ. स. पूर्वीं ७७६ मध्यें त्या शर्यतींत एलिसचा कोरोइबस पहिला आला, आणि पुढें ग्रीक लोक प्रत्येक ऑलिंपियाड, म्हणजे चार वर्षांचा काळ, त्या शर्यतींतल्या विजयी धांवपटूच्या नांवानें ओळखूं लागले. जागेवर नांव कोरण्याऐवजीं त्यांनीं तें काळावर कोरलें! याच्या उलट रोमची कथा. तेथील विशाल प्रेक्षागारास बांधणाऱ्या राजघराण्यावरून फ्लेव्हियन हें नांव होतें. पण शेजारीं नीरोचा एक प्रचंड पुतळा असे, त्यावरून लोक त्यास कोलोसियम म्हणूं लागले, आणि लोकांचेंच नांव टिकलें. आणि लंडनचें ‘लॉर्ड्‌स’? आमच्या गांवांत सर्वांची समजूत अशी कीं तें लॉर्ड लोकांचें मैदान. वस्तुतः टॉमस लॉर्ड नांवाच्या, दारूचाही व्यापार करणाऱ्या गृहस्थाचें तें मैदान. १८१४ पासून तें आजच्या जागीं आहे. पदवी नव्हे, साधें आडनांव!

हें सांगतांना मला कांहीं वर्षांपूर्वींची कोल्हापूरची यात्रा आठवली. महालक्ष्मीचें दर्शन घेऊन आम्हीं खासबागेचें कुस्तीचें मैदान पाहिलें होतें. शाहू महाराज १९०२ मध्यें सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त युरोपांत गेले असतां त्यांनीं रोमचें तें प्राचीन प्रेक्षागार पाहिलें, आणि त्याच धर्तीवर आपल्या पैलवानांसाठीं मैदान बांधविलें. १९१२ मध्यें तें तयार झालें. मध्यें तांबड्या मातीचा हौद आणि सभोंवार चढत गेलेल्या बैठका. कोठेंही खांब आड येत नाहीं, शेवटच्या रांगेंतल्या शेतकऱ्यासही पकड दिसते. राजानें बांधलें, पण नांव राहिलें जागेचें. राजाच्या खाशा बागेची जागा म्हणून खासबाग. महाराजांचें नांव मागाहून कृतज्ञतेनें जोडलें गेलें. तरी गडी अजून “खासबागेंत कुस्ती मारली” असेंच म्हणतो. शेजारच्या नाट्यगृहाची कथा याहून निराळी. तें बांधलें तेव्हां पॅलेस थिएटर होतें. पुढें त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव मिळालें. राजवाड्याचें नांव जाऊन नटाचें आलें. ऑगस्ट २०२४ मध्यें तें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें, तेव्हां कोल्हापूरकर ढसढसां रडले. ते ‘केशवराव जळालें’ असें म्हणत होते. जणूं घरचें माणूस गेलें.

मुंबईहून परततांना पुण्यास मेहुण्याकडे जावयाचें होतें. द्रुतगति मार्गावरून बस जात असतां पुतण्यानें सांगून ठेवल्याप्रमाणें गहुंजें येथील क्रिकेटचें मैदान दिसलें. २०१२ मध्यें तें एका उद्योगसमूहाच्या प्रमुखांच्या नांवानें, सुब्रत रॉय सहारा स्टेडियम म्हणून, उघडलें. नांवाबद्दल मोठी रक्कम ठरली होती. ती पुरती न मिळाल्यानें वर्ष-दोन वर्षांतच तें नांव उतरविण्यांत आलें, आणि आज तें महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचें मैदान म्हणून ओळखलें जातें. बसच्या खिडकींतून तें मागें पडत असतां मला आमचे गुत्तेदार आठवले. विकत घेतलेलें नांव म्हणजे भाड्याचें घर. हप्ता चुकला कीं सामान रस्त्यावर!

याच्या उलट उदाहरण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचें. १९५२ मध्यें हेलसिंकीस त्यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यास पैसा नव्हता, तेव्हां त्यांच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनीं आपलें घर गहाण ठेवून तो दिला. १९८४ मध्यें अपघातांत खाशाबा गेले. २०१० मध्यें दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलांतील कुस्तीच्या सभागृहास त्यांचें नांव मिळालें, म्हणजे पदकानंतर अठ्ठावन्न वर्षांनीं. ज्यानें घर गहाण ठेविलें त्यानें मात्र कोणत्याही भिंतीवर नांव मागितलें नाहीं. त्याच दिल्लींत भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून १९३३ मध्यें बांधलेल्या मैदानास व्हाइसरॉय अर्विन यांचें नांव होतें. १९५१ च्या पहिल्या आशियाई खेळांच्या वेळीं तें नॅशनल स्टेडियम झालें, आणि २००२ पासून तें मेजर ध्यानचंद यांचें आहे. सत्ता, देश आणि खेळाडू, अशा तीन पायऱ्या चढावयास त्या मैदानास एकोणसत्तर वर्षें लागलीं.

नांव म्हणजे केवळ पाटी, असें मात्र कोणी समजूं नये. निदान मराठवाड्याच्या मनुष्यास तरी तें म्हणतां येणार नाहीं. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव द्यावें असा ठराव १९७८ मध्यें विधिमंडळांत झाला, आणि त्यानंतर आमच्या या मुलुखांत दलितांचीं घरें जळलीं, माणसें मेलीं. १४ जानेवारी १९९४ रोजीं नामविस्तार झाला, तोंवर सोळा वर्षें गेलीं होतीं. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या नांवानें कोणी हांक मारली नाहीं, त्यांस नांवाची किंमत इतरांहून अधिक कळते. तेव्हां शहाण्या म्हणविणाऱ्या आमच्यासारख्या घरांतूनही ‘नांवांत काय आहे’ असे शेरे ऐकूं येत. आज त्यांची लाज वाटते.

आणखी एक लाज सांगावयाची राहिली आहे; ती माझी स्वतःची. तीसएक वर्षांपूर्वीं मी एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक होतों. शाळेच्या मागें दगडधोंड्यांचा माळ होता. आमचे व्यायामशिक्षक दोन उन्हाळ्याच्या सुट्या घरीं गेले नाहींत. मुलांस बरोबर घेऊन त्यांनीं तो माळ वेंचला, खड्डे भरले, रोलर ओढला. मैदान तयार झालें तेव्हां एका बड्या गृहस्थांचें नांव देण्याचें ठरलें, आणि कोनशिलेसाठीं संस्कृत श्लोक रचण्याचें काम मजकडे आलें. मीं अनुष्टुभांत दोन श्लोक रचले. लघु, गुरु, यति, सारें निर्दोष. बड्या गृहस्थांस मीं त्यांत कल्पवृक्षाची उपमा दिली. व्यायामशिक्षकांचा उल्लेख करावा असें मला सुचलेंही नाहीं. समारंभाच्या दिवशीं ते शिट्टी गळ्यांत अडकवून मुलांच्या रांगा सरळ करीत मागें उभे होते. समारंभ संपल्यावर त्यांनीं मला एवढेंच म्हटलें, “गुरुजी, श्लोक फार छान झाले. मला अर्थ कांहीं कळला नाहीं.” पुढें ते निवृत्त झाले आणि वारले. पुण्याहून परत येतांना मुद्दाम वांकडी वाट करून मी ती शाळा पाहून आलों. कोनशिला आहे, पण पावसानें अक्षरें झिजलीं आहेत. दुसरा श्लोक मला स्वतःलाच लागला नाहीं. मैदानावर खेळणाऱ्या मुलांस त्या शिक्षकांचें नांव विचारलें. कोणासही ठाऊक नव्हतें. पण मैदान सपाट होतें. एकही दगड पायास लागला नाहीं.

रात्रीं गाडींत झोंप आली नाहीं. यास्काचार्यांनीं आपल्या निरुक्तांत शाकटायनाचें एक मत नमूद केलें आहे कीं सर्व नामें धातूंपासून, म्हणजे क्रियेपासून उत्पन्न होतात. गार्ग्यास तें सर्वस्वीं मान्य नव्हतें, आणि विद्यार्थिदशेंत मीही गार्ग्याचाच पक्ष घेत असें. आतां वाटलें कीं शब्दांचें कांहींही असो, मैदानांच्या बाबतींत शाकटायनच खरा. जेथें जें कर्म झालें, त्यावरून पडलेलें नांव टिकतें. आणि तसें नांव आमच्या मैदानास पूर्वींच होतें!

गांवीं पोंचल्यावर मुलांस बोलावून सांगितलें, “हस्तपत्रकांत लिहा, स्थळ : खळवाडी, पेडगांव.” मुलांचे चेहरे पडले. खळवाडी म्हणजे कांहीं नांव झालें? मीं त्यांस तिवडा काय, पात काय, तें समजावून दिलें. कारण मळणीचें खळें त्यांच्यापैकीं एकानेंही पाहिलें नव्हतें. जी जमीन तुम्हांला पडल्यावर लागत नाहीं ती अशी घट्ट कोणीं केली, हें सांगितलें. नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे हें मैदान बैलांनीं बांधलें!” मीं म्हटलें, “बैलांनीं आणि त्यांच्यामागें चालणाऱ्या माणसांनीं.”

गुत्तेदारांकडे मी एकटाच गेलों. त्यांस म्हटलें, “तुमच्या वडिलांचें खळें चिंचेकडच्या बाजूस असे. राशीवरून त्यांनीं कोणत्याही मागणाऱ्यास रिकाम्या हातीं परत पाठविलें नाहीं. मीं स्वतः सूप भरून ज्वारी नेली आहे. खळवाडी हें नांव राहिलें तर त्यांत ते आहेतच, आणि बाकीचेही आहेत. तुमच्या एकट्यांचा फलक लागला तर बाकीचे जातील. आणि आणखी वीस वर्षांनीं दुसरा कोणी अधिक पैसे देऊन तुमचाही फलक काढील.” ते कांहीं बोलले नाहींत. चहा आला, तो तसाच निवत राहिला. मी उठून आलों. मैत्री गेली असें मनाशीं म्हटलें. सामन्यांचे पैसेही गेले असें मुलांनीं धरलें आणि घरोघर वर्गणी मागण्यास सुरुवात केली.

चार दिवसांनीं गुत्तेदारांचा माणूस रांजण आणि टांकी घेऊन खळवाडीवर आला. पैसे त्यांनीं निम्मेच दिले. पण सामन्यांचे तिन्ही दिवस पाण्याची सोय त्यांच्याकडून झाली, आणि ती टांकी पुढेंही तेथेंच ठेवण्यास त्यांनीं सांगितलें. टांकीवर त्यांच्या वडिलांचें नांव आहे. आमच्याकडच्या उन्हाळ्यांत पाण्याच्या टांकीवरचें नांव जितक्या वेळां आणि जितक्या प्रेमानें वाचलें जातें, तितकें कोणत्याही कमानीवरचें वाचलें जात नसेल. तहानलेलें मूल ओंजळीनें पाणी पितां पितां तें वाचतें.

सामने पार पडले. आमचा संघ दुसऱ्याच फेरींत हरला. त्याबद्दल नातवानें दोन दिवस जेवणावर राग काढला. गांवांत अजून कांहीं मंडळी मला नांवें ठेवतात कीं गुरुजींनीं आलेली लक्ष्मी परतविली. ठेवोत बापडे. एका मैदानास भलतें नांव देण्याचें पाप माझ्या हातून पूर्वीं घडलें होतें. दुसऱ्या मैदानाचें खरें नांव पुसूं न देण्याचें पुण्य म्हातारपणीं पदरीं पडलें, एवढ्यावर मी समाधानी आहें. त्या कोनशिलेवर आतां एक ओळ मराठींत, सर्वांस कळेल अशी, वाढवितां आली तर पाहावें, म्हणून त्या शाळेस मीं पत्र लिहिलें आहे. खर्च माझा; आणि त्या ओळींत नांव असेल तें त्या व्यायामशिक्षकांचें.